हयातीचा दाखला

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर महिना, कराडमधली एक बँक, चार नंबरची खिडकी. आई खुर्चीवर बसली होती आणि मी तिच्यामागे पिशवी धरून उभी होते. पेन्शन घेणाऱ्यांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यासाठी आलो होतो. खिडकीमागच्या मुलाने ठशांचं यंत्र पुढे सरकवलं. आईने त्या चिमुकल्या काचेवर उजवा अंगठा टेकवला. यंत्र वाजलं. ठसा जुळला नाही.

"आजी, बोट जरा कपाळावर घासा," मुलगा म्हणाला. कपाळाचं तेल बोटाला लागलं की कधी कधी ठसा उमटतो, हे त्याला रोजच्या कामाने ठाऊक झालेलं. आईने घासलं. नाही जुळला. मग डावा अंगठा, मग तर्जनी, मग मधलं बोट. रांगेतल्या एका बाईंनी पर्समधून व्हॅसलीनची डबी काढून दिली. रुमालाने काच पुसून झाली. मुलाला सडकून सर्दी झाली होती. नाक ओढत, न कंटाळता तो दर वेळी "पुन्हा एकदा, आजी" म्हणत होता. दहाही बोटं झाली. शेवटी माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, सिस्टीम घेत नाहीये. माझ्या हातात काही नाही."

आईने पदर सावरला आणि पासबुक माझ्याकडे दिलं. रिक्षात ती काही बोलली नाही. घराचा जिना चढताना मात्र मधल्या पायरीवर थांबली आणि म्हणाली, "माझीच बोटं आहेत गं ती."

त्या दिवशी आलेला राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. पुढे आणखी दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी कागदी दाखल्याचा नमुना काढला, आईला समोर बसवलं, सही केली, शिक्का मारला. पाच मिनिटांचं काम. कागदावरचा दाखला अजूनही चालतो, हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर ऐंशीच्या घरातल्या बाईला तीनदा जिना उतरावा लागला नसता.

वय झालं की बोटांची कातडी पातळ होते, तिच्यातला ओलावा आणि तेल कमी होतं, रेषांचे उंचवटे बसत जातात. शेतात खुरपणाऱ्यांचे, विटा उचलणाऱ्यांचे, वर्षानुवर्षं राखेने भांडी घासणाऱ्यांचे ठसे तर चाळिशीतच पुसट होतात. त्यात नोव्हेंबरची कोरडी हवा. म्हणजे ज्या महिन्यात बोटं आणखीच कोरडी, त्याच महिन्यात म्हाताऱ्या माणसांनी ती काचेवर टेकवायची. आणि माझ्या आईची बोटं नुसती भांड्यांनी झिजलेली नाहीत. ती टेलिफोनच्या बोर्डावर झिजली आहेत.

आई टेलिफोन ऑपरेटर होती. १९६५ साली, एकविसाव्या वर्षी, ती पोस्ट अँड टेलिग्राफ खात्यात लागली आणि कराडच्या एक्सचेंजमध्ये बोर्डासमोर बसली. तिच्याकडून ऐकलेल्या गोष्टी इतक्यांदा ऐकल्या आहेत की तो बोर्ड मी स्वतः पाहिल्यासारखा वाटतो. घरातल्या फोनच्या पेटीची मूठ फिरवली की इकडे त्या नंबरची छोटी झडप खाली पडायची. ऑपरेटर कॉर्डचं टोक त्या भोकात घालून "नंबर प्लीज" म्हणायची आणि जोडीच्या कॉर्डने पलीकडचा नंबर लावून द्यायची. कुणाला कुणाशी बोलायचं असो, आधी आईशी बोलावं लागायचं. बाहेरगावचा फोन म्हणजे ट्रंक कॉल. तो बुक करून ताटकळत बसायचं. साधा, अर्जंट किंवा लाइटनिंग असे प्रकार, लाइटनिंगला साध्याच्या आठपट पैसे. ठरावीक माणूसच फोनवर हवा असेल तर पीपी कॉल. प्रत्येक कॉलचं एक टिकीट, त्यावर पेन्सिलीने नंबर आणि वेळ. आणि तीन मिनिटं झाली की ऑपरेटरचा आवाज मध्ये यायचा: "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?"

हे वाक्य आमच्या घरात फोन येण्याच्या कितीतरी आधी आलं. मी आणि भाऊ भांडायला लागलो की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "तीन मिनिटं झाली," आणि आम्ही गप्प बसायचो.

ती गावाला आवाजावरून ओळखायची. गुळाच्या अडत्यांनी "हॅलो" म्हटलं की नंबर सांगायच्या आत तिचा हात त्यांच्या नेहमीच्या भोकाकडे गेलेला असायचा. कुणाचा घसा बसलाय, कुणी रात्रभर जागलंय, कुणाच्या घरी पाहुणे आलेत, सगळं कानाला कळायचं. रात्री कुणी डॉक्टरांचा नंबर मागितला तर ती सांगायची, "डॉक्टर घरी नाहीत, शनिवार पेठेत व्हिजिटला गेलेत, तिथे जोडते." कुठल्याही नियमपुस्तकात हे नव्हतं. तिला माहीत होतं, म्हणून ती सांगायची. मात्र बोर्डावर कानी पडलेलं बोलणं तिने कधी घरी आणलं नाही. आजही आणत नाही. ज्यांचं बोलणं ऐकलं त्यातली बहुतेक माणसं आता नाहीत, तरी "ते त्यांचं होतं" एवढंच म्हणते.

एक दिवस मात्र ती आपणहून सांगते. ११ डिसेंबर १९६७. पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला. आई तेव्हा एक्सचेंजजवळ भाड्याच्या खोलीत राहायची. फडताळातली भांडी खाली आली, कौलं घसरली, माणसं अंगणात धावली. ती साडीवर स्वेटर चढवून सरळ एक्सचेंजकडे पळाली. गावात अंधार होता, पण एक्सचेंजला स्वतःच्या बॅटऱ्या असतात, त्यामुळे बोर्ड चालू होता. आत पाऊल टाकलं तर बोर्डावरच्या झडपा एकजात पडलेल्या. सगळं गाव एकाच वेळी मूठ फिरवत होतं. उजाडल्यावर पुण्या-मुंबईहून ट्रंक सुरू झाले. पाटणच्या पलीकडून उत्तर येत नव्हतं. त्या भूकंपात सुमारे पावणेदोनशे माणसं गेली, पण त्या सकाळी कुणालाच काही कळत नव्हतं. "लोक नाव घ्यायचे आणि विचारायचे, आहे का? पलीकडून कुणीतरी म्हणायचं, आहे. की लगेच ठेवून द्यायचे. त्या दिवशी मला एकदाही तीन मिनिटं झाली म्हणावं लागलं नाही."

हयातीचे किती दाखले तिने त्या दिवशी दिले असतील, याची टिकिटं कुणी मोजली नाहीत.

पुढे एसटीडी आलं, म्हणजे ऑपरेटरशिवाय बाहेरगावचा नंबर थेट फिरवायची सोय. देशातला पहिला एसटीडी मार्ग कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये १९६० साली सुरू झाला होता. आमच्याकडे यायला पुष्कळ वर्षं गेली. ते आलं तसं ट्रंक बोर्डावरचं काम आटत गेलं आणि आईला कधी १९७ वर म्हणजे नंबर विचारणाऱ्यांसाठी, तर कधी १९८ वर म्हणजे तक्रारींसाठी बसवायला लागले. यंत्राने माणसाचं काम घेतलं, असं आपण सहज म्हणतो. जिचं काम गेलं तिला मी एकदा विचारलं, वाईट वाटलं का? तिचं उत्तर मला अनपेक्षित होतं. म्हणाली, "मधला कान गेला, ते बरंच झालं. नवरा-बायको फोनवर नुसते 'ठीक आहे ना, ठीक आहे' करायचे. मी ऐकतेय हे त्यांना माहीत असायचं. एसटीडी आल्यावर माणसं पहिल्यांदा मोकळं बोलली असतील."

तिला नव्या यंत्रांचं खरोखर कौतुक आहे. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने १९८४ नंतर खेड्यांसाठी छोटं इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज तयार केलं, १२८ लाइनींचं. ते थंडगार खोलीशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यातही चालायचं. कराडच्या आसपास ते बसलं तेव्हा आई रजा काढून बघायला गेली होती. सी-डॉट उभी करणाऱ्या सॅम पित्रोदांचं नाव आमच्या घरात एखाद्या नातेवाइकासारखं घेतलं जायचं. मी पुण्यात होस्टेलवर होते तेव्हा रात्री दर उतरले की एसटीडीच्या पिवळ्या पाटीखाली रांगेत उभी राहायचे, मीटरवरच्या लाल आकड्यांकडे डोळे लावून बोलायचे, आणि आई तिकडून मनातल्या मनात पल्स मोजून "आता ठेव" म्हणायची.

सहा वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब होऊ लागला. या आजारात कडेचं दिसतं, मधलं जातं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, पदराचा काठ दिसतो, नाकडोळे दिसत नाहीत. वाचन तर संपलंच. रोजचं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानावरच्या निविदांपर्यंत वाचणारी बाई, सकाळी त्याची घडी मांडीवर घेऊन नुसती बसायची. मी पुण्याहून शनिवार-रविवारी यायचे तेव्हा वाचून दाखवायचे. उरलेले पाच दिवस काय, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

उत्तर फोनने दिलं. भाच्याने तिच्या फोनमध्ये वाचून दाखवण्याची सोय चालू करून दिली. बोट जिथे टेकेल तिथलं नाव फोन बोलून सांगतो, बातमी उघडली की मराठीत वाचतो. छापील पानाचा फोटो काढला तर त्यातली अक्षरं ओळखून तेही वाचतो. गेल्या दिवाळीत एक अख्खा दिवाळी अंक तिने असा कानाने वाचला. पानं उलटून फोटो काढायला शेजारची सातवीतली मुलगी यायची, तिलाही कथा ऐकायला मिळाल्या. विश्वकोश तर तिचा रोजचा झाला आहे. आमच्याच जिल्ह्यात, वाईला, लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याचा संसार मांडला त्या मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड वाचनालयातून आणणं तिला कधी झेपलं नसतं. आता त्यातल्या नोंदी ऐकत ती भाजी निवडते. परवा मला फोनवर म्हणाली, "अगं, पोवळी म्हणजे प्राणी असतात, आणि मी जन्मभर दगड समजत होते."

हे सुख मी कुठल्या तराजूत घालू? चार-पाच वर्षांपूर्वी हे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

फोनचं वाचन ती मास्तरणीसारखं तपासते, हे मात्र सांगायला हवं. मराठीत 'च', 'ज' आणि 'झ' दोन तऱ्हांनी म्हणतात, आणि लिहिताना अक्षर एकच. 'चमचा' म्हणताना जीभ दातामागे लागते, 'चमचे' म्हटलं की शेवटचा 'च' बदलतो. 'माझा' वेगळा, 'माझी' वेगळी. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जगण्याची आज्ञा, कागदावर तंतोतंत एक, तोंडात दोन. आपल्या मुलांना हे कुणी शिकवत नाही, आईच्या दुधाबरोबर येतं. फोनला ते कुठून यावं? 'चूल' आणि 'चहा' त्याच्या तोंडी एकाच 'च'ने यायचे. आई त्याला थांबवायची, "चूल म्हण, चूल," आणि बरोबर उच्चार करून दाखवायची. या दोन वर्षांत त्याचं वाचन पुष्कळ सुधारलं आहे. आपण शिकवलं म्हणून सुधारलं, असा तिचा समज आहे आणि मी तो खोडून काढलेला नाही. अशा असंख्य आवाजांवरूनच तो शिकला आहे, तेव्हा तिचं तरी काय चुकलं?

आता दुसरी बाजू. एका सकाळी फोनने रात्रीतून स्वतःचं नवं रूप घेतलं. चित्रांच्या जागा बदलल्या, बटणं गोल झाली, खालची पट्टी वर गेली. ज्याला दिसतं तो दोन दिवस कुरकुरतो आणि सवय करून घेतो. आई फोन बघत नाही, ती तो अंगठ्याने पाठ करते: खालून दुसरी ओळ, डावी कड, तिथे वर्तमानपत्र, उजवी कड, तिथे मी. आपल्या घरातली कपाटं, पलंग, देव्हारा रातोरात कुणी दुसऱ्या भिंतींना लावले आणि दिवाही काढून नेला, तर आपण कसे चाचपडू, तशी ती दोन दिवस त्या काचेवर चाचपडत होती. मला सांगितलं नाही. शनिवारी गेले तेव्हा फोन टीव्हीवर पालथा ठेवलेला. "तुला कशाला कामात त्रास." ज्यांनी ती बटणं गोल केली त्यांना हे घर माहीत नाही, हे मला समजतं. पण बदल करण्याआधी एकदा विचारावं, आणि ज्यांना नको असेल त्यांना जुनं तसंच ठेवू द्यावं, एवढं मागणं मला फार मोठं वाटत नाही.

तसंच ग्राहक सेवेच्या नंबरांचं. "मराठीसाठी तीन दाबा." फोन कानाला लावला की पडदा काळा होतो, कानापासून काढला की आकडे शोधेपर्यंत आवाज पुढे गेलेला असतो. मग संगीत, मग "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे", मग पुन्हा संगीत. आई यावर चिडत नाही, तिला वाईट वाटतं. ही तिच्या पेशाची गोष्ट आहे. "आम्ही 'थांबा' म्हणायचो तेव्हा खरंच काहीतरी करत असायचो," ती म्हणते. "लाइन धरून ठेवायची तर मधून मधून आवाज द्यायचा. ट्राय करतेय, सातारा लागलंय, पुणं बिझी आहे. माणूस अंधारात असतो, त्याला सोडायचं नसतं."

बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. बँकेच्या खात्याला त्यांचाच मोबाइल नंबर जोडलेला होता, त्यामुळे ओटीपी अजूनही त्यांच्या फोनवर येतो. नंबर बदलायला गेलो तर पुन्हा तेच ठसे, पुन्हा तीच काच, म्हणून आम्ही तो नाद सोडला आणि तो नंबर चालू ठेवला. त्यांचा बटणांचा जुना फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला असतो. दर २८ दिवसांनी मी त्यात पैसे भरते. रिचार्जच्या जगात महिना २८ दिवसांचा असतो, म्हणून वर्षाचे महिने होतात १३. हे गणित ज्याने काढलं त्याचा मला मनापासून संताप येतो. पगार बाराच वेळा होतो, पेन्शन बाराच वेळा येते. पण आता तो नंबर बंद करायला आईच तयार नाही. नंबर काही महिने पडून राहिला की कंपनी तो दुसऱ्याला देते. आईला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, नंबर रिकामा राहत नाही हे तिने आयुष्यभर पाहिलंय. टेबलावरचा फोन टुंग वाजला की ती म्हणते, "बाबांचा मेसेज आला बघ." तो सहा आकडी ओटीपी असतो. मी तो वाचते, तिच्या फोनमध्ये घालते आणि विजेचं बिल भरलं जातं.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तिला एक फोन आला. समोरचा हिंदीत बोलत होता, मुंबईचा पोलीस अधिकारी असल्याचं सांगत होता. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे, खोलीचं दार लावून घ्या, कुणाला सांगू नका. अशी अटक कायद्यात कुठेही नाही, तरीही शिकलेसवरलेले लोक यात आयुष्याची पुंजी घालवून बसले आहेत. आई एकटी होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्या मागे आणखी दोघे जण हेच वाक्य म्हणतायत." पलीकडे क्षणभर काहीच नाही. तिने फोन ठेवला आणि मला लावला. "एका खोलीत तिघे-चौघे बसलेत. खुर्च्या लोखंडी आहेत. साहेब कधी असा बोलतो का? साहेब थोडं बोलतो."

तिच्या कानाने तिला वाचवलं. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा नंबर आहे, तो मी तिला सांगितला. तिला पाठ करावा लागला नाही, नंबर तिला एकदा ऐकून बसतो. पण पुढचे तीन आठवडे तिने अनोळखी नंबर उचलला नाही. झडप पडली आणि उत्तर दिलं नाही असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्याच दिवसांत एक्सचेंजमधली तिची जुनी मैत्रीण नवा नंबर घेऊन चार दिवस तिला फोन करत होती. मला कुठल्याही पैशांच्या फसवणुकीपेक्षा हे मोठं नुकसान वाटतं. फोन वाजला की कुणीतरी आपलं असेल, हा विश्वास तिने स्वतःच्या हातांनी या गावात उभा केला होता, एकेक कॉर्ड लावून.

माझी मुलगी मेलबर्नला असते. ती व्हिडिओ कॉल करते. आई फोन कानालाच लावते, त्यामुळे मुलीला पडद्यावर आजीचा कान आणि पांढरे केस दिसतात. दोघींचंही त्यावाचून काही अडत नाही. पूर्वी परदेशाचा कॉल लावायचा तर मुंबई गाठावी लागायची, एकेका कॉलसाठी रात्र जायची आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. आता मुलीचा श्वाससुद्धा ऐकू येतो, याचं आईला दर वेळी नवल वाटतं. फोन ठेवल्यावर सांगते, "सर्दी होणार आहे तिला." आणि होते. तरीही तीन मिनिटं झाली की आईचा आवाज बदलतो, ती आवरतं घेते. मुलगी म्हणते, "आजी, पैसे पडत नाहीत गं आता." आई म्हणते, "माहीत आहे बाळा. पण दुसरं कुणी लाइनची वाट बघत असेल."

मागच्या नोव्हेंबरात मी तिला बँकेत नेलंच नाही. घरबसल्या दाखला देण्यासाठी २०१४ साली 'जीवन प्रमाण' आलं, तेव्हा तेही ठशांवर किंवा डोळ्यांच्या बुबुळांवर चालायचं. २०२१ पासून नुसत्या चेहऱ्यावरही चालतं. मी ते माझ्या फोनवर उतरवून घेतलं. खिडकीशी खुर्ची ठेवली, उजेड चेहऱ्यावर पडेल अशी. फोनने सांगितलं, चेहरा गोलात आणा आणि डोळ्यांची उघडझाप करा. आईला गोल दिसत नव्हता. फोन कुठे आहे तेही दिसत नव्हतं. ती कधी भिंतीकडे बघायची, कधी दाराकडे. मग मी फोन बरोबर माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हटलं, "आई, माझ्या आवाजाकडे बघ."

तिने मान वळवली. बरोबर गोलात आली. "आता डोळे मिट. उघड." दोनदा मिटले, उघडले. फोनने ओळखलं. दाखला झाला. आईने विचारलं, "एवढंच?" आणि मग आम्ही दोघी खूप वेळ काही न बोलता तशाच बसून राहिलो.

ज्यांनी ही सोय केली त्यांचे मी मनापासून आभार मानते. पण आमच्याच गल्लीत तीन घरं अशी आहेत जिथे फोन धरायला आणि "माझ्या आवाजाकडे बघ" म्हणायला कुणी नाही. त्यांच्यासाठी खिडकीत एक माणूस हवाच, आणि त्या माणसाला "मी यांना ओळखतो" असं म्हणायचा अधिकार हवा. कराडच्या बोर्डावर बसलेल्या एकवीस वर्षांच्या मुलीला तो होता.

त्याच संध्याकाळी आईच्या फोनवर गावातल्याच एका लँडलाइनवरून फोन आला. नंबर अनोळखी. ती थोडी थांबली, मग उचलला. मी समोरच होते.

"हॅलो, नमस्कार, मी..."

"तुम्ही चार नंबरच्या खिडकीतले," आई म्हणाली. "सर्दी बरी झाली का?"

पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन कट झाला असं मला वाटलं. मग आवाज आला, "हो, आजी. बरी झाली." नंतर त्याने कामाचं सांगितलं. पेन्शनरांची यादी बघताना आईचं नाव दिसलं, दाखला पोचलाय, मागच्या वर्षी फार हेलपाटे झाले होते म्हणून मुद्दाम कळवतोय, यायची गरज नाही.

आईने सगळं नीट ऐकून घेतलं. "बरं झालं फोन केलात," ती म्हणाली. "नाव सांगून ठेवा तुमचं."